समुद्राकाठी नुसतं बसायला फ्रान्सपर्यंत जायचं का?

पत्र

प्रिय ताई,

आम्ही सांगलीचे. मिस्टर मार्चमध्ये बँकेतून निवृत्त झाले. मुलगी म्युनिकला नोकरीला आहे. या वर्षी भूमध्य समुद्राचा किनारा बघायला यायचंच, असा तिचा हट्ट आहे. तिनं फ्रान्समधलं नीस सुचवलंय. सासूबाईही येणार आहेत. त्या ७६ वर्षांच्या, उजवा गुडघा बदललेला, पूर्ण शाकाहारी. त्यांचं एकच मागणं आहे: सावरकरांनी बोटीतून उडी मारली ते मार्सेल बघायचं.

मिस्टरांनी नऊ दिवसांचा कागद तयार केलाय. पॅरिस, नीस, मोनॅको, पिसा, रोम. मी चार लोकांना विचारलं तर चौघांचे चार अनुभव. शेजारच्या वहिनी जुलैत टूरबरोबर दोन तास नीसला होत्या, त्या म्हणतात, नुसते दगड, रेतीचा पत्ता नाही. मिस्टरांच्या मित्राचं पाकीट स्टेशनवर मारलं. चुलतभाऊ म्हणतो, महाग आहे आणि माणसं तुसडी. मुलीच्या मैत्रिणीच्या मते तिथं स्वर्ग आहे. आता खरं कोणाचं मानू?

(मला स्वतःला फक्त समुद्राकाठी नुसतं बसायचंय. ३१ वर्षं शाळा, घर, सणवार, पाहुणे सगळं केलं. पण हे बोलले तर मिस्टर म्हणाले, "बसायलाच जायचं तर गणपतीपुळं काय वाईट आहे?")

– एक वाचक, सांगली

उत्तर

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. ते आधी कंसातून बाहेर काढा. मिस्टरांच्या कागदावर पॅरिसच्या वर लिहा.

आता ते चार अनुभव. चौघंही खरं बोलतायत. पण कुणाचाही अनुभव ऐकताना तीन गोष्टी विचारून घ्यायच्या: कोणत्या महिन्यात गेला होतात, किती वेळ होतात आणि बरोबर कोण होतं. वहिनी जुलैच्या उन्हात बसमधून उतरल्या आणि दोन तासांनी परत बसमध्ये बसल्या. नीसचा किनारा गोट्यांचाच आहे, त्यात चूक काहीच नाही. आल्प्समधून येणाऱ्या नद्यांनी वाहून आणलेले, घासून गोल झालेले करडे गोटे. भर दुपारी ते तापतात आणि साध्या चपलेत पाय मुरगळतो. मैत्रीण बहुधा आठवडाभर राहिली असणार, तरुण असणार, आणि तिच्याबरोबर कुणाचा गुडघा नव्हता. दोघींनी पाहिला तो एकच किनारा.

मी तिथं माझ्या आईला घेऊन गेले होते. तेव्हा ती ७४ वर्षांची होती. आम्ही मूळचे गुहागरकडचे, म्हणजे समुद्र तिला नवा नाही. नीसला समुद्राच्या कडेनं सुमारे सात किलोमीटरचा रुंद, सपाट रस्ता आहे, प्रोमेनाद देझांग्ले. त्यावर निळ्या रंगाच्या लोखंडी खुर्च्या ठेवलेल्या असतात, तोंड समुद्राकडे. पूर्वी त्यांचं भाडं द्यावं लागायचं, आता कुणीही बसावं. पहिल्या दिवशी चार वाजता आई तिथं बसली. साडेपाचला मला म्हणाली, "अगं, इथं ओहोटी कधी लागते?" मी म्हटलं, बघू. सात वाजले तरी पाणी होतं तिथंच. लाट यायची आणि मागे जाताना गोट्यांतून खळखळ आवाज काढायची, कुणी तांदळाचं सूप पाखडावं तसा. पण रेषा काही हलली नाही. आपल्याकडे मुंबईला भरती-ओहोटीत तीन-चार मीटरचा फरक पडतो. भूमध्य समुद्र जवळजवळ बंदिस्त आहे, जिब्राल्टरची तोंडाची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी जेमतेम १४ किलोमीटरची, त्यामुळे तिथं पाणी वितीएवढंच वरखाली होतं. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे यांना वेळ कशी कळते?" पुढचे सहा दिवस ती रोज त्याच सुमाराच्या खुर्चीत जाऊन बसली. एकदाही कंटाळा आला म्हणाली नाही.

तेव्हा मिस्टरांना सांगा की गणपतीपुळं अजिबात वाईट नाही, पण हा समुद्र वेगळा आहे. आपला किनारा जून ते सप्टेंबर खवळलेला असतो आणि आपण त्याच्यापासून लांब राहतो. तिथं जून ते ऑगस्ट कोरडे, जोराचा पाऊस येतो तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात. आणि बसायला जाणं हा काही तुमचा आळस नव्हे, ते गावच बसण्यासाठी वाढलंय. अठराव्या शतकापासून थंडीनं गारठलेले इंग्रज हिवाळा काढायला तिथं यायचे. तो रस्तासुद्धा १८२० च्या दशकात तिथल्या इंग्रज रहिवाशांनी फिरायला म्हणून बांधवून घेतला, म्हणून त्याचं नाव 'इंग्रजांचा रस्ता'. उन्हाळ्यात समुद्रात डुंबायला यायची पद्धत फार नंतरची, १९२० च्या आसपासची. युनेस्कोनं २०२१ मध्ये नीसला जागतिक वारशात घेतलं तेही हिवाळी विश्रांतीचं शहर म्हणून.

आता मिस्टरांचा कागद. नऊ दिवस आणि पाच गावं. तुम्ही शिक्षिका आहात असं दिसतंय, तर गणित तुम्हीच मांडा. युरोपात खोली साधारण अकराच्या आत सोडावी लागते आणि नवी तीननंतर मिळते. मधले तास बॅगा ओढण्यात जातात. म्हणजे प्रत्येक गाव बदलताना दिवस हातचा गेला. चार वेळा गाव बदललं की नवातले चार गेले, आणि ते सगळ्यात जास्त सासूबाईंच्या गुडघ्यातून गेले. पॅरिस, पिसा आणि रोम या खेपेला सोडा, हे मी अगदी स्पष्ट सांगते. रोमला तीन दिवसही कमी पडतात, एका दिवसात धावत बघून त्याचं काहीच हाती लागत नाही.

पण मिस्टरांना बसवून ठेवा असं मी म्हणत नाही. या किनाऱ्याची खरी खुबी त्यांना सांगा: रेल्वे. नीसहून समुद्राला खेटून लोकल गाड्या जातात, आरक्षण लागत नाही, तिकीट काढायचं आणि चढायचं. पूर्वेला सात मिनिटांत व्हिलफ्रांश, वीस-पंचवीस मिनिटांत मोनॅको, पाऊण तासाच्या आत लिंबांसाठी प्रसिद्ध असलेलं मांतों, आणि तासाभरात सीमेपलीकडचं वेंतिमिलिया, म्हणजे इटली. पश्चिमेला आंतिब आणि कान ही गावं. सकाळी नाश्ता करून निघालं तर एका दिवसात तीन देशांत पाय ठेवून माणूस रात्रीच्या जेवणाला नीसला परत येतो. मिस्टरांचा देश मोजायचा आनंद त्यांना मिळू दे. मुलगी बरोबर जाईल. तुम्ही दोघी खुर्चीत. संध्याकाळी ते काय पाहिलं ते सांगतील आणि तुम्ही ऐकाल. पूर्वेकडे जाताना गाडीत उजव्या हाताला बसा म्हणावं, समुद्र त्या बाजूला आहे.

एका दिवशी मात्र तुम्हीही त्यांच्याबरोबर व्हिलफ्रांशला जा. स्टेशनच्या खालीच छोटा किनारा आहे, तिथं गोट्यांऐवजी जाड रेती आहे आणि पाणी खाडीसारखं शांत. थोड्या पायऱ्या आहेत, सासूबाईंना हात धरून उतरवता येईल. एझ नावाचं डोंगरावरचं गाव फोटोत फार सुंदर दिसतं, पण ते सासूबाईंसाठी नाही. चारशे मीटरवर, सगळ्या पायऱ्या आणि दगडी बोळ. शिवाय एझचं रेल्वे स्टेशन खाली समुद्राकाठी आहे आणि गाव वर डोंगरावर, हे कळायच्या आत बरेच लोक खाली उतरून बसतात. मिस्टरांना जायचंच असेल तर नीसहून बसनं जावं.

पाण्यात उतरायचं असेल तर एक ऐका. नीसच्या किनाऱ्याला उतार आहे आणि चार पावलांत पाणी खोल होतं. रबरी बूट घ्या, तिथंही मिळतात, ते घातल्याशिवाय गोट्यांवर जाऊ नका. लाटा असतील तर उतरूच नका. बाहेर येताना गोटे पायाखालून सरकतात आणि माणूस गुडघ्यावर पडतो. सासूबाईंना पाण्याला पाय लावायचे असतील तर उन्हाळी हंगामात कारास आणि सांतनेर या दोन किनाऱ्यांवर चालायला त्रास असलेल्यांसाठी वेगळी सोय असते, मदतीला माणसं असतात. आणि कपड्यांचा संकोच बाळगू नका. तिथं कुणी काहीही घालतं, काही बायका काहीच वर घालत नाहीत, हे सासूबाईंच्या कानावर आधीच घाला म्हणजे धक्का बसणार नाही. तुम्ही सलवार-कमीज घालून बसलात तरी कुणी वळूनही बघणार नाही.

महिना कोणता? जुलै-ऑगस्ट नको, सगळा फ्रान्स सुट्टीवर असतो. मेचा उत्तरार्ध आणि जूनचा पहिला आठवडाही नको, मेमध्ये कानला चित्रपट महोत्सव भरतो आणि २०२६ पासून जूनच्या सुरुवातीला मोनॅकोला गाड्यांची शर्यत, खोल्यांचे भाव आभाळाला भिडतात. त्यानंतरचा जूनचा मध्य चांगला, पण मला विचाराल तर गौरी-गणपती उरकून सप्टेंबरअखेर निघा. उन्हाळाभर तापलेलं पाणी तोवर कोमट राहतं, हवा निवलेली असते आणि गर्दी ओसरलेली.

चुलतभावाच्या 'महाग'बद्दल. समुद्राकाठी खासगी पट्टे आहेत, तिथं पडायच्या खुर्चीचे पैसे पडतात आणि कॉफीचेही. त्याला लागूनच सरकारी किनारा फुकट आहे. विमानतळावरून ट्राम गावात येते. सामान आणि सासूबाई बघता टॅक्सी करायची तर गावातल्या मुक्कामाला ठरलेला दर आहे, बसण्याआधी तो विचारून घ्या. हॉटेलात बाटलीचं पाणी न घेता 'युन काराफ दो' म्हणा, नळाचं पाणी जगमधून येतं, ते पिण्याचंच असतं आणि त्याचे पैसे लागत नाहीत. 'तुसडी'बद्दल मात्र भावाचा कान धरावा लागेल. फ्रान्समध्ये दुकानात पाऊल टाकल्यावर आधी 'बाँजूर' म्हणायचं असतं. ते न म्हणता थेट "हाऊ मच?" विचारणं म्हणजे आपल्याकडे कुणाच्या घरात शिरून नाव-गाव न सांगता पाणी मागण्यासारखं आहे. मी आईला तेवढा एकच शब्द शिकवला होता. ती तो 'बांझूर' असा म्हणायची आणि भाजीवाली तिला दर वेळी एक जर्दाळू जास्त घालायची.

पाकीटमारी होते. नीसचं मोठं स्टेशन, ट्राम आणि मार्सेलचं जुनं बंदर इथं सांभाळा. गाडीत चढतानाच्या रेटारेटीत हात घातला जातो. पासपोर्ट खोलीत कुलपात, त्याची प्रत जवळ (सीमेपलीकडे इटलीला जाताना मात्र मूळ पासपोर्टच जवळ हवा), आणि मिस्टरांना मागच्या खिशात काही ठेवू देऊ नका.

जेवणाबद्दल मला मनापासून लिहायचंय, कारण तुमच्या सासूबाईंची जी धास्ती आहे तीच माझ्या आईची होती. नीसचा खरा पदार्थ आहे सोक्का. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल. बस, एवढंच. हे पातळ पीठ परातीपेक्षा मोठ्या तांब्याच्या ताटात ओतून लाकडाच्या भट्टीत सारतात. पाच-सात मिनिटांत वर करपट ठिपके येतात, कडा कुरकुरीत होतात आणि आत मऊ राहतं. मग ते सरळ कापत नाहीत, खरवडून तुकडे करतात, वर मिरपूड भुरभुरतात आणि कागदात देतात. हातानं खायचं. आईनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, "हे तर बेसनाचं धिरडं! यांना कुणी शिकवलं?" त्याच जुन्या गावात भोपळ्याच्या जातीच्या कोर्जेत नावाच्या भाजीच्या फुलांची भजीही मिळतात, फक्त पिठात अंडं असू शकतं, ते विचारा. फसायचं ते इथं: पिसालादिएर ही कांद्याची पोळी दिसायला अगदी शाकाहारी असते आणि तिच्यात खारवलेली मासळी असते. नीसच्या नावानं मिळणाऱ्या सॅलडमध्येही मासे असतात. आणि वेळ पाळा. स्वयंपाकघर दुपारी दोनला बंद होतं ते संध्याकाळी सातशिवाय उघडत नाही.

म्हणून हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. कूर सालेया नावाच्या बाजारात सकाळी भाजी मिळते (सोमवारी तिथं जुन्या वस्तूंचा बाजार असतो, भाजीचा नाही). भाजणी, मेतकूट, चिवडा बरोबर न्या. पण दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपियन संघात नेता येत नाहीत, तेव्हा पेढे, बर्फी आणि तुपाचा डबा घरीच ठेवा. कढीपत्ताही नको.

जागा घेताना मी केलेली चूक तुम्ही करू नका. जाहिरातीत 'तिसरा मजला' लिहिलं होतं. तिथं तळमजला मोजत नाहीत हे मला माहीत होतं, पण लिफ्टचं विचारायचं राहिलं. मालकानंही सांगितलं नाही. जुन्या गावातली तीनशे वर्षांची इमारत, दीड हात रुंदीचा गोल जिना, ५८ पायऱ्या. आईनं त्या पहिल्या रात्री बसून-बसून चढल्या. मी खालून तिची पाठ धरून. मधल्या वळणावर दिवा आपोआप बंद झाला आणि आम्ही दोघी अंधारात एका पायरीवर बसून राहिलो. ती काही बोलली नाही, फक्त माझा हात धरून होती. दुसऱ्या दिवशी मी पैसे सोडले आणि जागा बदलली. तेव्हा जुन्या गावात राहू नका, तिथं फिरायला जा. नव्या भागात, समुद्रापासून दोन-तीन गल्ल्या आत, ट्रामच्या जवळ जागा बघा. लिफ्ट आहे का, ती रस्त्याच्या पातळीपासून सुरू होते का की आधी चार पायऱ्या आहेत, हे दोन्ही लेखी विचारा.

सासूबाईंसाठी विमानात चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागा. त्या नको म्हणतील, तरी मागा. मुंबईहून नीसला थेट विमान नाही, दुबई, इस्तंबूल किंवा पॅरिसला बदलावं लागतं आणि त्या विमानतळांवर चालणं फार. गुडघ्यात धातू असल्याचं डॉक्टरांचं पत्र इंग्रजीत जवळ ठेवा. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) फ्रान्सचा काढा, कारण मुख्य मुक्काम तिथं. मोठ्यांना शुल्क ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोचा विमा लागतो. विम्यात आधीपासूनच्या दुखण्याबद्दल काय लिहिलंय ते सही करण्याआधी वाचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, उशीर करू नका.

उरलं मार्सेल. नीसहून दिवसात जाऊन यायचा विचार मिस्टर करतील. जायला पावणेतीन तास लागतात आणि यायला तेवढेच, सासूबाईंना ते झेपणार नाही. सहा रात्री नीस आणि शेवटच्या दोन रात्री मार्सेल असा बेत करा. ८ जुलै १९१० ला 'मोरिया' बोट मार्सेल बंदरात उभी असताना सावरकर शौचकुपाच्या गोल खिडकीतून पाण्यात उतरले, पोहून धक्क्याला लागले आणि फ्रेंच शिपायानं त्यांना पकडून परत ब्रिटिश पहारेकऱ्यांच्या हवाली केलं. त्यावरून फ्रान्स आणि ब्रिटनचा वाद हेगच्या लवादापर्यंत गेला आणि फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूनं लागला. बंदर आजही चालतं आहे आणि फार पसरलेलं आहे, धक्क्याधक्क्यांवर सासूबाईंना फिरवू नका. जुन्या बंदरापासून ६० क्रमांकाची बस नोत्र-दाम द ला गार्द या टेकडीवरच्या चर्चपर्यंत चढते. तिथल्या कठड्यापाशी उभं राहिलं की जुनं बंदर, गोद्या, बेटं आणि मोकळा समुद्र असं सगळं एका नजरेत येतं. सकाळी लवकर न्या, वर वारा जोराचा असतो, त्यांची शाल बरोबर असू द्या. आणि तिथं त्यांना घाई करू नका. ती जागा बघायला त्या ७६ व्या वर्षी सांगलीहून आल्यात, हवा तेवढा वेळ त्यांना उभं राहू दे.

आज रात्री मिस्टरांपुढे नवा कागद ठेवा. वर दोनच नावं लिहा, नीस आणि मार्सेल, आणि खाली रेल्वेचं वेळापत्रक जोडा. बँकेतला माणूस वेळापत्रक हातात आल्यावर स्वतःच त्यात रमेल. त्यांच्या सहली त्यांना आखू द्या. फक्त संध्याकाळी पाच ते सात या रकान्यात तुमच्या हातानं 'खुर्ची' असं लिहून ठेवा आणि तिथं दुसरं काही घालू देऊ नका.